संशोधकाचा अर्ज आणि विश्वस्तांचा विश्वास

शास्त्रीय शोधांचा इतिहास सांगताना शोधकाची बुद्धी, त्याची चिकाटी आणि प्रयोगशाळेत उजाडलेला तो भाग्याचा दिवस यांचे वर्णन नेहमी केले जाते. परंतु त्या दिवसाच्या कितीतरी आधी त्याच शोधकाने टेबलाशी बसून एक कागद लिहिलेला असतो, आणि त्या कागदाचे वर्णन सहसा कोणी करीत नाही. तो कागद म्हणजे पैशासाठी केलेला अर्ज होय. काचसामान, रसायने, मदतनिसाचा पगार यांतले काहीच फुकट मिळत नाही. आणि जी कल्पना अजून कोणी पडताळून पाहिलेली नाही, तिच्यासाठी दुसऱ्याजवळ पैसे मागणे हे तर फारच नाजूक काम आहे. या अर्जाचे शास्त्र काय, तो कोणाकडे करावयाचा व त्यात काय लिहावयाचे, याचा विचार अगत्याचा आहे. कारण चांगली कल्पना वाईट अर्जामुळे मेली, तर तिचे सुतकही कोणी पाळीत नाही.

नव्या कल्पनेला सरकारी मदत मिळणे बहुधा कठीण जाते, आणि त्यात सर्वस्वी सरकारचाच दोष असतो असे नव्हे. सरकारी तिजोरीतील पैसा करदात्यांचा असतो. त्याचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. म्हणून तो वाटणाऱ्या समित्या, ज्या विषयावर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे त्याच विषयाकडे साहजिकपणे वळतात. परंतु जी गोष्ट खरोखरच नवी आहे, तिच्याविषयी तज्ज्ञांचे एकमत असावयाचे कसे? खाजगी विश्वस्तनिधीचे, म्हणजे ज्याला ट्रस्ट किंवा प्रतिष्ठान म्हणतात त्याचे, महत्त्व येथे आहे. एखाद्या धनिकाने आपली संपत्ती विशिष्ट हेतूने बाजूला काढून काही विश्वस्तांच्या हाती सोपविलेली असते. हे विश्वस्त मूठभर असतात. त्यांना एखादी गोष्ट पटली, तर ते धोका पत्करू शकतात.

मात्र हे विश्वस्त त्या पैशाचे धनी नव्हेत. ते राखणदार आहेत. दात्याने विश्वस्तपत्रात जो हेतू लिहून ठेवला असेल, त्याच्या बाहेर त्यांना जाता येत नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई या १९३१ साली ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ एक ट्रस्ट स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश जगातील कोणत्याही देशातील ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि उरलेला एक पंचमांश मानवी दुःखनिवारणाशी संबंध असलेल्या भारतातील संशोधनासाठी, अशी वाटणी त्यात केलेली आहे. आता एखादा ज्योतिषशास्त्रज्ञ कितीही बुद्धिमान असला व त्याचा अर्ज कितीही सुंदर असला, तरी दुर्बिणीसाठी त्याला या निधीतून पैसा मिळणार नाही, आणि मिळूही नये. म्हणून अर्जदाराचा पहिला धर्म हा की, लेखणी उचलण्यापूर्वी त्या निधीचे हेतुपत्र वाचावे आणि गेल्या काही वर्षांत त्याने कोणास साहाय्य केले ते पाहावे. पुष्कळसे अर्ज वाईट असतात म्हणून नव्हे, तर चुकीच्या दारी गेलेले असतात म्हणून परत येतात.

याच घराण्याशी निगडित असलेला दुसरा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. डॉ. होमी भाभा १९३९ साली केंब्रिजहून सुट्टीसाठी मायदेशी आले असता युरोपात महायुद्ध भडकले आणि ते येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. मूलभूत पदार्थविज्ञानाच्या संशोधनास लागणारी परिस्थिती व समंजस आर्थिक पाठबळ या देशात नाही, ही खंत त्यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना पत्राने कळविली. टाटांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की, भाभा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भक्कम आधार असलेली निश्चित योजना मांडली, तर सर दोराबजी टाटा ट्रस्टकडून ती उचलून धरली जाण्याचा चांगला संभव आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लेडी मेहरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. म्हणजे ट्रस्टचे संस्थापक हे त्यांच्या आत्याचे यजमान होते. तरीही 'योजना लिहून द्या' ही अट भाच्यालाही चुकली नाही, आणि भाच्यानेही ती कमीपणाची मानली नाही.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. त्या पत्रातील विचारांची मांडणी प्रत्येक अर्जदाराने अभ्यासावी अशी आहे. प्रथम उणीव सांगितली: मूलभूत पदार्थविज्ञानातील सैद्धान्तिक व प्रायोगिक प्रश्नांवर काम करणारे मोठे संशोधनकेंद्र या देशात नाही, चांगले कार्यकर्ते आहेत, पण ते विखुरलेले आहेत. नंतर उपाय सांगितला: त्यांना एकत्र आणणारी संस्था मुंबईत उभारावी. त्यानंतर लाभ सांगितला. आणि तो सांगताना भाभांनी पुढे पाहून लिहिले की, सुमारे वीस वर्षांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा हिंदुस्थानला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते घरीच तयार असावेत. युरेनियमच्या अणुगर्भाचे विभाजन होते हे जगाला कळून तेव्हा पाच वर्षे झाली होती, आणि हिरोशिमाचा संहार घडण्यास अजून सतरा महिने अवकाश होता.

विश्वस्तांनी पुढच्याच महिन्यात योजना स्वीकारली. मुंबई सरकारनेही हात दिला. १ जून १९४५ रोजी बंगळुरास टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. या अर्जाने विश्वस्तांना कोणत्याही शोधाचे वचन दिलेले नव्हते, हे विशेष. वचन होते ते माणसे तयार करण्याचे. आणि ते पाळणे अर्जदाराच्या हातात होते.

जे आपल्या हातात नाही त्याचे वचन द्यावयाचे नाही, हा नियम पेनिसिलिनच्या इतिहासात अधिकच स्पष्ट दिसतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये त्या बुरशीचा जंतुनाशक गुण पाहिला, पण तिच्यातील औषधी द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती लागले नाही, आणि विषय मागे पडला. दहा वर्षांनंतर ऑक्सफर्ड येथील हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांनी तो पुन्हा हाती घेतला. सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होताच, फ्लोरींनी इंग्लंडच्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाकडे मदत मागितली. मंडळाने आरंभासाठी मंजूर केले ते अवघे २५ पौंड. युद्धाच्या त्या दिवसांत मंडळापुढे इतर कामांची रीघ लागलेली होती, आणि कित्येक वर्षे अडगळीत पडलेल्या बुरशीवर अधिक खर्च करावा असे कोणास वाटावे?

तेव्हा फ्लोरींनी अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाकडे अर्ज केला. १९१३ साली स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानात १९३२ पासून शास्त्रविभागाची सूत्रे वॉरन वीव्हर या गणितज्ञाकडे होती. रसायन व पदार्थविज्ञान यांची साधने जीवशास्त्रात आणावीत, असे त्यांचे धोरण होते. फ्लोरी व चेन यांनी हे धोरण ओळखले होते. सरकारी मंडळाला लिहिताना त्यांनी रोगनिवारणावर भर दिला होता. रॉकफेलरला लिहिताना, सूक्ष्मजंतू एकमेकांस मारण्यासाठी जी द्रव्ये निर्माण करतात त्यांचा रासायनिक अभ्यास, असे विषयाचे स्वरूप मांडले. ही लबाडी नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ज्याला ज्या गोष्टीत रस आहे, त्याला ती आधी दाखविली एवढेच. शिवाय त्यांनी आपली सर्व भिस्त एकट्या पेनिसिलिनवर ठेवली नव्हती. अभ्यासासाठी अशी तीन द्रव्ये निवडली होती. एक फसले तरी दुसऱ्यापासून ज्ञान मिळावे, अशी ती योजना होती. प्रतिष्ठानाने सुमारे ५००० डॉलर दरसाल याप्रमाणे पाच वर्षांची मदत मंजूर केली.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना प्राणघातक जंतूंची सुई टोचण्यात आली. त्यांपैकी चार उंदरांना पेनिसिलिन दिले, चारांना दिले नाही. ज्यांना दिले नव्हते ते चारही उंदीर रात्रीतून मेले. ज्यांना दिले होते ते दुसऱ्या दिवशी जिवंत होते. पुढे फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पोलिस शिपायाला, ज्याचे अंग जंतुविषाने सडत चालले होते, हे औषध देण्यात आले. त्याचा ताप उतरला, भूक परत आली. परंतु औषधाचा साठा संपला. त्याच्या मूत्रातून ते द्रव्य परत काढून पुन्हा टोचण्याचाही प्रयत्न झाला. अखेर १५ मार्च रोजी तो मरण पावला. त्याला मारले ते औषधाच्या अपयशाने नव्हे, अपुरेपणाने. त्या वर्षी उन्हाळ्यात फ्लोरी व त्यांचे सहकारी नॉर्मन हीटली हे रॉकफेलरच्याच खर्चाने अमेरिकेस गेले आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादनाचा मार्ग मोकळा झाला. अर्ज मंजूर होणे व न होणे यांत किती अंतर असते, ते त्या शिपायाच्या खाटेपाशी उभे राहून मोजावे.

या दोन उदाहरणांवरून अर्जाची जी रीत निष्पन्न होते, ती एका कल्पित दाखल्याने स्पष्ट करता येईल. समजा, नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयातील अध्यापकास असा संशय आला की, शेतातील मातीत सापडणारा एक जिवाणू कांद्यावरील काळ्या बुरशीस आळा घालतो. चाळीत साठविलेला कांदा पावसाळ्यात सडतो आणि शेतकऱ्याचे कंबरडे मोडते, हे सर्वांस ठाऊक आहे. आता या अध्यापकाने अर्जात लिहिले की, 'या संशोधनाने कांद्याची सड कायमची थांबेल,' तर अनुभवी विश्वस्त तेथेच कागद मिटून ठेवील. कारण जे अजून माहीत नाही तेच माहीत असल्याचे त्यात भासविले आहे. त्याऐवजी त्याने असे लिहावे: एकाच शेतातील कांद्याचे तीन सारखे ढीग करावयाचे, एकावर जिवाणूचे द्रावण फवारावयाचे, दुसऱ्यावर नुसते पाणी, तिसऱ्यावर काहीच नाही, तिन्ही वाळवून एकाच चाळीत चार महिने ठेवावयाचे आणि दर आठवड्यास सडलेला कांदा वेगळा करून वजन करावयाचे. पहिल्या ढिगातील सड इतर दोहोंपेक्षा स्पष्टपणे कमी भरली, तर संशय खरा. न भरली, तर तो सोडून द्यावयाचा. हा प्रश्न लहान आहे, परंतु त्याला उत्तर आहे. विश्वस्ताला हवे असते ते हेच.

अर्जाचे इतर भागही याच न्यायाने लिहावेत. या विषयात पूर्वी कोणी काय केले ते थोडक्यात व प्रामाणिकपणे सांगावे. दुसऱ्याचे काम लपविल्याने आपले काम नवे ठरत नाही. आपल्याजवळ लहानसा का होईना, पण एखादा प्राथमिक प्रयोग असेल तर त्याचा निकाल द्यावा, आणि तो प्रतिकूल असला तरी द्यावा. खर्चाचे पत्रक तपशीलवार असावे: मदतनिसाचा पगार किती महिन्यांचा, यंत्र कोणते व ते संस्थेत आधीच का नाही, काचसामान व रसायने किती, प्रवास कोठला, आणि संस्थेचा व्यवस्थापन खर्च निधीच्या नियमांत बसतो की नाही. मागणी फुगवू नये, तशी ती भिडेने कमीही करू नये. अपुऱ्या पैशावर सुरू केलेला प्रयोग अर्ध्यावर थांबतो आणि दिलेले पैसेही वाया जातात. काम कोणत्या महिन्यात कोठवर येईल, तेही लिहावे. सर्वांत शेवटी, हा प्रयोग फसला तर त्यापासून काय शिकावयास मिळेल, हे लिहावे. पुष्कळ अर्जदार हे कलम टाळतात. वस्तुतः त्यावरूनच अर्जदाराची पारख होते.

काही बाबी कायद्याच्या आहेत. बहुतेक निधी व्यक्तीस नव्हे तर तिच्या संस्थेस पैसे देतात. म्हणून प्राचार्यांची किंवा संचालकांची लेखी संमती आधी घ्यावी. प्रयोगात माणसे किंवा प्राणी असतील, तर नीतिविषयक समितीची परवानगी लागते. पैसा परदेशातून येणार असेल, तर विदेशी देणग्यांच्या नियमनाचा २०१० चा कायदा आणि त्यात २०२० साली झालेली दुरुस्ती लक्षात घ्यावी लागते. ज्या संस्थांना त्याखाली नोंदणी आवश्यक आहे, त्यांना असा पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो. या गोष्टी आधी न पाहिल्यास मंजूर झालेली मदतही दारातून परत जाते.

मोठा अर्ज पाठविण्यापूर्वी एक-दोन पानांचे विचारणापत्र पाठविण्याची चाल चांगली आहे. भाभांचे १९४३ चे पत्र हे एक प्रकारे विचारणापत्रच होते. कित्येक निधींनी ही थोडक्यात लिहिण्याची शिस्त स्वतःच घालून दिली आहे. गेट्स प्रतिष्ठानाने २००८ साली आरोग्यविषयक धाडसी कल्पनांसाठी एक योजना काढली, तीत अर्ज फक्त दोन पानांचा होता. प्राथमिक पुरावाही मागितलेला नव्हता. ज्यांची कल्पना पसंत पडे त्यांना ती पडताळण्यासाठी १,००,००० डॉलर मिळत. दोन पानांत जी कल्पना मावत नाही, ती बहुधा मांडणाऱ्यालाच पुरती कळलेली नसते.

आता नकाराविषयी. खाजगी निधींतही दोष आहेत. विश्वस्तांची आवडनिवड असते, विषयांची लाट येते व ओसरते, आणि नकाराचे कारण पुष्कळदा सांगितले जात नाही. सरकारी काय, खाजगी काय, निवड करणारी माणसेच असतात आणि ती चुकतात. कातालिन कारिको या हंगेरियन विदुषी १९८५ साली अमेरिकेत गेल्या. पेशीला प्रथिने बनविण्याचा निरोप पोचविणारे जे आरएनए द्रव्य, त्यापासून औषध करता येईल, ही त्यांची धारणा होती. त्यांचे अर्ज वारंवार नाकारले गेले आणि १९९५ साली विद्यापीठातील त्यांची पायरीही उतरली. ड्रू वाइसमन यांच्यासह त्यांनी काम चालू ठेवले. २००५ साली त्यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या पायावर २०२० साली करोनाच्या लसी तयार झाल्या, आणि २०२३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. यावरून नाकारलेली प्रत्येक कल्पना थोर असते असे अनुमान काढणे वेडेपणाचे होईल. परंतु नकार हा कल्पनेवरचा अखेरचा निकाल नव्हे, एवढे मात्र निश्चित. नकार आला की अर्ज पुन्हा वाचावा. दोष असेल तर सुधारावा, नसेल तर दुसरे योग्य दार शोधावे.

निधी देणाऱ्यांसही या इतिहासातून एक धडा आहे, तो धीराचा. मॅक्स पेरुट्झ यांना रक्तातील हीमोग्लोबिनची रचना उकलण्याच्या कामासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानाची मदत १९३९ च्या जानेवारीपासून मिळू लागली. ती रचना डोळ्यांपुढे उभी राहावयास १९५९ साल उजाडले. दर वर्षाच्या अखेरीस 'निकाल काय?' एवढेच विचारणारा दाता असता, तर हे काम केव्हाच बंद पडले असते.

भाभांच्या पत्रात सुमारे वीस वर्षांची मुदत होती. तारापूरच्या केंद्रातून १९६९ साली अणुशक्तीची वीज वाहू लागली, तेव्हा त्या पत्राला पंचवीस वर्षे झाली होती. केंद्राची यंत्रे अमेरिकेहून आलेली होती. पण ती चालविणारे तज्ज्ञ, पत्रात म्हटल्याप्रमाणे, घरीच तयार झालेले होते. पत्र लिहिणारे भाभा १९६६ च्या जानेवारीतच विमान अपघातात निवर्तले होते, आणि ज्यांनी ते वाचून होकार दिला त्या सर सोराबजींनाही तो दिवस दिसला नाही. नव्या संशोधनासाठी अर्ज करणारा आणि तो मंजूर करणारा, हे दोघेही बहुधा अशा झाडासाठी खड्डा खणीत असतात की ज्याचे फळ तिसऱ्याच्याच हाती पडावयाचे. म्हणूनच त्या दोघांमधील कागद खरा असला पाहिजे.